आर्वीचा 'विक्रम'

माझं गाव डिंभे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला देशातलं पहिलं परदेशी दळणवळणाचं उपग्रह केंद्र उभं राहिलं. त्याला 'विक्रम' नाव का, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

डॉ. विक्रम साराभाई १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात जन्मले. केंब्रिजला शिकले, बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे वैश्विक किरणांवर संशोधन केलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला त्यांच्या पुढाकाराने थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. गरीब देशाला हे थेर कशाला, अशी टीका झाली. पण उपग्रह सामान्य माणसाच्या कामी यावा, हा त्यांचा हट्ट होता. ३० डिसेंबर १९७१ ला, अवघ्या ५२ व्या वर्षी ते गेले. आपला 'आर्यभट्ट' त्यांना बघायला मिळाला नाही.

आज विमानाला जागा कळायला किमान चार उपग्रह लागतात, तेही आकाशभर विखुरलेले. आमच्या डोंगरांत मोबाईलला डोक्यावरचेच तेवढे दिसतात, मग जागा चुकते. पाचवा असला तर बिघाड कळतो, सहावा असला तर बिघडलेला वगळता येतो. कोणावर विसंबू नये, हे विमानाला 'गगन' यंत्रणा सांगते. तिला पहिली मान्यता मिळाली ३० डिसेंबर २०१३ ला, साराभाईंच्या पुण्यतिथीलाच! टीकेला याहून चांगलं उत्तर कोणतं?