गर्भिणीचें ताट

राष्ट्राच्या बळाचा हिशेब करणारे लोक सैन्य, द्रव्य व विद्या यांची गणना करितात. परंतु ज्या ताटावर पुढील पिढीचा पिंड पोसला जातो, त्या गर्भिणीच्या ताटाकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. त्या ताटाचें महत्त्व सप्रमाण दाखविणाऱ्या डॉक्टर लूसी विल्स यांचें चरित्र आमच्या वाचकांनीं, विशेषतः मुंबईकरांनीं, अवश्य जाणून घ्यावें.

लूसीबाईंचा जन्म इ. स. १८८८ मध्यें इंग्लंडांत बर्मिंगहॅमनजीक झाला. केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचें अध्ययन केलें. परंतु तें विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांस पदवी देत नसे. पुढें लंडन येथें वैद्यकाचा अभ्यास करून १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या, व १९२८ सालीं मुंबईस आल्या. येथील गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांस गरोदरपणीं घोर पांडुरोग जडत असे, आणि त्यांत कित्येकींचा अंत होई. परळच्या हाफकिन संस्थेंत काम करीत असतां बाईंनीं निरनिराळ्या वर्गांतील स्त्रियांच्या आहाराची चौकशी केली. ज्यांचें अन्न सर्वांत निकस, त्यांनाच हा रोग सर्वांत अधिक, असें त्यांस दिसून आलें. मग यीस्टचा स्वस्त अर्क देतांच रोगी स्त्रिया बऱ्या होऊं लागल्या. हा शोध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे पालेभाज्यांतही असणारें फॉलिक आम्ल होय, हें मागाहून सिद्ध झालें. सरकारी दवाखान्यांतून आज गरोदर स्त्रियांस लोहाबरोबर जी फॉलिक आम्लाची गोळी मिळते, तिचें मूळ ह्या शोधांत आहे. लूसीबाई १९६४ सालीं निवर्तल्या.

आहाराचा हा प्रश्न केवळ मातेपुरता नाहीं. अडीच किलोहून कमी वजनाचें मूल जन्मतःच दुबळें गणलें जातें. पुण्यानजीकच्या खेड्यांतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत गरोदरपणीं पालेभाज्या, फळें व दूध वारंवार घेणाऱ्या मातांचीं मुलें जन्मतः अधिक भरदार आढळलीं. असें असतां, मूल मोठें झाल्यास प्रसूति अवघड जाईल ह्या भीतीनें गर्भिणीस अर्धपोटीं ठेवावयाचें, किंवा सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर उरलेंसुरलें तिला वाढावयाचें, ही चाल अनेक घरांतून अद्याप सुटलेली नाहीं. भांडवलांत तूट ठेवून नफ्याची आशा करणाऱ्या व्यापाऱ्यास कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. मग स्वतःच्या घरींच हा उफराटा व्यवहार कां चालावा? गृहस्थांनो, गर्भिणीचें ताट आधीं वाढा, आणि तें पूर्ण वाढा.