क्षेत्रगणिताचे महामेरू : आचार्य महावीर

'महावीर' हे नाम उच्चारताच श्रावकांच्या अंतःकरणात चोविसाव्या तीर्थंकरांची मूर्ती उभी राहते. त्याच पुण्यनामाचे एक थोर आचार्य इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिण भारतात होऊन गेले. त्यांनी आपली बुद्धी गणिताच्या सेवेस वाहिली. 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथाचे कर्ते आचार्य महावीर ते हेच.

तो काळ राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा. इ.स. 814 च्या सुमारास ते सिंहासनावर आले आणि त्यांनी सहा दशकांहून अधिक काळ राज्य केले. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुरगी जिल्ह्यातील मळखेड होय. आदिपुराणाचे कर्ते आचार्य जिनसेन यांच्याविषयी सम्राटांच्या मनात नितांत आदर होता. विद्येला असा उदार आश्रय लाभलेल्या त्या राज्यात, इ.स. 850 च्या सुमारास, 'गणितसारसंग्रह' सिद्ध झाला. ग्रंथारंभी आचार्यांनी वर्धमान जिनेंद्रांस वंदन केले व सम्राटांचा गौरव केला. परंतु स्वतःच्या कुळाचा वा कीर्तीचा विस्तार मांडला नाही. त्यांचा ग्रंथ हेच त्यांचे चरित्र आहे.

त्यांच्या पूर्वीचे आर्यभट व ब्रह्मगुप्त यांनी गणित हे ज्योतिषग्रंथांचे अंग म्हणून मांडले होते. आचार्य महावीरांनी मात्र संपूर्ण ग्रंथ केवळ गणितासाठी रचला. व्यापार, स्वयंपाक, वैद्यक, वास्तुविद्या, संगीत, छंद, व्याकरण अशा सर्व व्यवहारांत गणित व्यापून आहे, ही त्यांची दृढ धारणा होती. म्हणूनच आरंभीच्या संज्ञा-अधिकारात त्यांनी प्रथम मापे निश्चित केली. परमाणूपासून चढत जाणाऱ्या त्या मालिकेत 24 अंगुलांचा एक हात, 4 हातांचा एक दंड, 2000 दंडांचा एक क्रोश आणि 4 क्रोशांचे एक योजन होते. आधी शब्दाचा अर्थ ठरवावा आणि मग हिशेबास बसावे, हा त्यांचा शिरस्ता होता.

हाच शिरस्ता त्यांच्या क्षेत्रगणितात विशेष शोभून दिसतो. तेथे त्यांनी सपाट आकृतींचे 16 प्रकार सांगितले. त्रिकोण तीन : सम, द्विसम आणि विषम. चौकोन पाच : सम, द्विद्विसम, द्विसम, त्रिसम आणि विषम. वक्र आकृती आठ : समवृत्त, अर्धवृत्त, आयतवृत्त, कंबुकवृत्त म्हणजे शंखाकृती, निम्नवृत्त, उन्नतवृत्त, आणि बाहेरचे व आतले अशी दोन चक्रवालवृत्ते म्हणजे कडी. जव, मृदंग, पणव आणि वज्र यांच्या आकाराची क्षेत्रेही त्यांनी मोजून दाखविली. त्रिकोणाची ही विभागणी कोनांवरून नसून भुजांवरून आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आज मराठी शाळेतील मूल समभुज, समद्विभुज, विषमभुज असे शब्द पाठ करते. भुजा, कर्ण, लंब, व्यास हे शब्द सहज वापरते. ही भाषा त्याला याच प्राचीन परंपरेकडून मिळालेली आहे.

आचार्यांनी क्षेत्रफळाच्या दोन रीती दिल्या : एक व्यावहारिक म्हणजे स्थूल आणि दुसरी सूक्ष्म. एखाद्या त्रिकोणी शेताच्या दोन भुजा 13 व 15 दंड आणि भूमी म्हणजे पाया 14 दंड आहे असे समजू. स्थूल रीतीने दोन भुजांच्या बेरजेचे अर्ध म्हणजे 14, त्यास भूमीच्या अर्धाने म्हणजे 7 ने गुणले की 98 चौरस दंड येतात. सूक्ष्म रीतीने लंब 12 येतो आणि क्षेत्रफळ भरते 84. एकाच शेतात 14 चौरस दंडांचे अंतर! घेणाऱ्याने 98 चे मोल दिले तर त्याची हानी ठरलेली. कमी-अधिक मापाने देणे-घेणे हा अचौर्य व्रताचा अतिचार मानला गेला आहे. अशा धर्मात सूक्ष्म मापाची विद्या हा केवळ बुद्धीचा विलास राहत नाही. तिच्यामुळे सचोटीस आधार मिळतो.

वर्तुळाच्या परिघासाठी त्यांनी स्थूल मानाने व्यासाची तिप्पट आणि सूक्ष्म मानाने 10 च्या वर्गमूळाची पट घेतली. 10 हात व्यासाच्या वर्तुळाचा परिघ त्यामुळे 30 किंवा सुमारे 31.62 हात येतो. आजच्या गणिताने तो सुमारे 31.42 आहे. आयतवृत्ताचा, म्हणजे आज ज्यास लंबवर्तुळ म्हणतात त्याचा, विचार करणारे प्राचीन भारतीय गणितज्ञ विरळाच. आचार्य त्यांत अग्रगण्य होत. लांबी 36 व रुंदी 12 असता त्यांच्या सूक्ष्म सूत्राने परिघ सुमारे 77.8 येतो, तर खरा सुमारे 80.2 आहे. क्षेत्रफळाचे त्यांचे सूत्र मात्र चुकले; ते सुमारे 233 देते आणि खरे उत्तर सुमारे 339 आहे. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे मतही पुढे टिकले नाही. थोरांच्या उणिवा झाकल्याने त्यांचा मान वाढत नाही. ऋण संख्येस वर्गमूळ असू शकत नाही, कारण ती स्वभावतः कशाचाही वर्ग नसते, हे त्यांनीच स्पष्टपणे नोंदविले, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी या ग्रंथास तेलुगू रूप दिले. पुढे तो दीर्घकाळ हस्तलिखितांत राहिला. इ.स. 1912 मध्ये मद्रास येथे प्रा. एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे वेधले. इ.स. 1963 मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो आपल्या सोलापुरातून, जीवराज जैन ग्रंथमालेत, प्रकाशित झाला. महाराष्ट्रातील समाजास याचा सार्थ अभिमान वाटावा.

मंदिराची पायाभरणी असो वा दुकानातील मोजमाप, सरळ रेषा आणि खरे माप यांवाचून काहीच उभे राहत नाही. आपल्या मुलामुलींनी भूमितीचे पुस्तक उघडताना या आचार्यांचे एकदा स्मरण केले, तरी हजार वर्षांहून जुने ऋण अंशतः फिटेल. त्या ज्ञानतपस्व्यास विनम्र वंदन!