एका जादा गुणसूत्राचे डॉक्टर



डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्माला आले, की पूर्वी लोक आईबापांकडे बोट दाखवीत. कुणी घराण्याचा दोष म्हणे, कुणी पापाची शिक्षा. हा कलंक पुसणाऱ्यांपैकी एक होते फ्रान्सचे श्रद्धावंत कॅथलिक डॉक्टर जेरोम लेज्यून.

त्यांचा जन्म १९२६ साली पॅरिसजवळ झाला. डॉ. तुर्पँ यांच्या हाताखाली ते या मुलांची सेवा करू लागले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत २१ व्या क्रमांकाचे एक जादा असते, हे १९५९ साली लेज्यून, डॉ. मार्थ गोतिए व तुर्पँ यांनी जाहीर केले. पेशी वाढविण्याचे मोलाचे काम गोतिएबाईंचे होते. त्याचे योग्य श्रेय त्यांना बरीच वर्षे मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

बहुतेक वेळा हा बदल वारशाने येत नाही. थोड्या मुलांत मात्र जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते आणि कधी कधी ते निरोगी आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असते. त्यात कुणाचाही अपराध नाही. या मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतर मुलांपेक्षा अधिक असतो, तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. मूल फिकट दिसू लागले, वारंवार ताप आला किंवा अंगावर निळे डाग पडले, तर घाबरून न जाता लवकर डॉक्टरांना दाखवावे.

पुढे याच ज्ञानाचा उपयोग ही मुले गर्भातच ओळखून त्यांचा जन्म नाकारण्यासाठी होऊ लागला. लेज्यून यांना त्याचे फार दुःख झाले. त्यांनी उघडपणे विरोध केला आणि त्यापायी मानसन्मान व मित्र गमावले. पण आपल्या छोट्या रुग्णांना त्यांनी सोडले नाही.

फेब्रुवारी १९९४ मध्ये परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले. त्याच वर्षी ३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, फुप्फुसाच्या कर्करोगाने ते प्रभूघरी गेले. १९९७ साली परमगुरूंनी त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना वंदनीय घोषित केले.

आज मिस्सानंतर असे एखादे मूल आपल्याला भेटले, तर नजर चुकवू नका. त्याचा हात हातात घ्या, त्याच्या आईची विचारपूस करा.