श्रीनामदेव महाराजांचा चरितार्थ

चंडीगड नगर वसविताना रचनाकारांनी कारखान्यांना वस्तीपासून वेगळी जागा नेमून दिली आणि दोहोंच्या मध्ये झाडांचा पट्टा राखला. कारखान्यांच्या त्या भागाला तेथे इंडस्ट्रियल एरिया म्हणतात. नगररचनेच्या दृष्टीने हे योग्यच होय. परंतु आपण गृहस्थांनी तसाच एक पट्टा अंतःकरणातही राखला आहे. पहाटेचा अर्धा तास देवाचा, आणि भोंगा झाल्यावर यंत्रापाशी उभे असतानाचा काळ केवळ पोटाचा, अशी आपली वाटणी ठरलेली असते. मग कामाची पाळी बदलते, पहाटही हातची जाते, आणि या नोकरीपायी आपले साधन बुडाले म्हणून मनुष्य हळहळत बसतो. तेथील अशा कोणा गृहस्थाने सवड काढून शेजारच्या पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी अवश्य जावे. ते स्थान एका मराठी शिंप्याचे आहे, आणि हाच प्रश्न त्याच्या घरात फार तीव्रपणे उभा राहिला होता.

श्रीनामदेवांचा जन्म १२७० सालचा. पिता दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई. पुढे चार पुत्र झाले. घराण्याचा धंदा शिंप्याचा. पण तरुणपणी नामदेवांचे चित्त सुईदोऱ्यात रमेना. दिवसचे दिवस ते पांडुरंगाच्या सन्निध काढीत आणि इकडे संसाराची ओढाताण होई. यावरून गोणाईने व राजाईने केलेली तक्रार नामदेवांच्या गाथेतच आलेली आहे. माता तर पुत्राबरोबर प्रत्यक्ष विठ्ठलालाही दोष देते. चरित्र सांगताना आपण बहुधा या दोघींना अज्ञ ठरवून पुढे जातो. मला ते पटत नाही. घरात धान्य नसता मुलांपुढे काय वाढावे, हा राजाईचा प्रश्न मायेचा पसारा म्हणून टाळता येण्याजोगा नव्हे. तो गाथेत राहू दिला गेला, यातच त्या संतपरंपरेचा प्रामाणिकपणा दिसतो.

ज्ञानदेवादी भावंडांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. रुसलेले नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! जेथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सुचविले, आणि अशी जागा नामदेवांना सापडेना. या कथेतून परमेश्वराची सर्वव्यापकता सांगतात, ते खरेच आहे. पण शिंप्याच्या घरी याचा अर्थ आणखी एक होतो : राउळात जो आहे तो कापड बेतण्याच्या जागीही आहे, मग दुकानात बसणे म्हणजे त्याच्यापासून दूर जाणे कसे?

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पुढे नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्याच ग्रंथात, कबीरांच्या वचनांमध्ये, नामदेव आणि भक्त त्रिलोचन यांचा एक लहानसा संवाद आला आहे. त्यात नामदेव कापडावर छाप उठविण्याच्या कामात गुंतलेले दिसतात. एवढा भक्त असून हा मायेचा उद्योग कशासाठी, असे त्रिलोचन विचारतात. नामदेवांच्या उत्तराचे तात्पर्य असे की, हातपायांना त्यांचे काम करू द्यावे, मुखात नाम असावे आणि चित्त त्या निरंजनापाशी ठेवावे. ज्याच्यावरून एके काळी घरात भांडणे झाली, त्याच्या मुखी हे उत्तर यावे, ही मोठीच गोष्ट होय.

यावर एक शंका येईल. लेथवर काम करणाऱ्याचे चित्त देवाकडे गेले, तर बोट कापले जाणार नाही काय? या शंकेचे समाधान नामदेवांच्याच दुसऱ्या एका पदात सापडते. गड्यांशी बोलत पतंग उडविणारा मुलगा, हसतखेळत भरलेल्या घागरी आणणाऱ्या स्त्रिया, घरकाम करीत असता पाळण्यातील बाळाकडे ध्यान ठेवणारी आई, असे दृष्टान्त त्यात आहेत. यांपैकी कोणाचेही काम बिघडलेले नाही. घागर हिंदळत नाही, आईची भाकरी करपत नाही. म्हणजे अनुसंधान हे कामावरून लक्ष उडणे नव्हे. उलट जो यंत्रापाशी उभा राहून मालकाचा द्वेष, शेजाऱ्याची बढती आणि घरचे कर्ज घोळीत असतो, त्याचेच बोट अधिक संकटात असते. गीतेच्या आठव्या अध्यायातही भगवंतांनी अर्जुनाला स्मरण आणि युद्ध ही दोन्ही एकदमच सांगितली आहेत. स्मरणासाठी त्याला रथातून उतरविलेले नाही.

१३५० साली नामदेवांनी पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीखाली समाधी घेतली असे वारकरी मानतात. पंजाबातील भाविक घुमान हेच त्यांचे अंतिम स्थान समजतात. त्या वादात आपण पडू नये. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा कितीतरी मराठी माणसांनी ते गाव प्रथमच पाहिले. पंजाबात कापड रंगविणारे, छापणारे व शिवणारे छिंबे लोक नामदेवांना आजही आपले मानतात. आणि का मानू नये? छिप्याच्या घरी आपला जन्म झाला, हे नामदेवांनी आपल्या पदांत स्वतःच सांगून ठेवले आहे.