बॅलेरिना म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं चित्र घडवलं मारी तालिओनीने, पण त्याची किंमत मोठी होती

पांढराशुभ्र झिरझिरीत घोळदार झगा, मधोमध भांग पाडून चापूनचोपून बसवलेले केस आणि पायाच्या बोटांवर तोललेलं शरीर. बॅले कधी पाहिला नसेल, तरी बॅलेरिना म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. हे चित्र लोकांच्या मनात बसवलं मारी तालिओनीने. गंमत म्हणजे तिचं शरीर नाचासाठी घडलेलंच नाही, असं आधी अनेकांना वाटायचं.

मारीचा जन्म १८०४ चा, स्टॉकहोममधला. वडील फिलिप्पो हे इटालियन नृत्यदिग्दर्शक, आई स्वीडिश. मारी मात्र अंगाने काटकुळी, हात लांब आणि खांद्यात किंचित पोक. पॅरिसमध्ये शिकून ती व्हिएन्नाला वडिलांकडे आली, तेव्हा तिची तयारी त्यांना अगदीच कच्ची वाटली.

मग त्यांनी तालीम स्वतःच्या हातात घेतली. सहा महिने, रोज सहा तास. सकाळी दोन तास पायांचे व्यायाम, दुपारी दोन तास एकेका स्थितीत तोल सावरून उभं राहणं, संध्याकाळी दोन तास उड्या. लांब हात खटकू नयेत म्हणून ते गोलाईत ठेवायचे, अंग जरासं पुढे झुकवायचं. ज्या गोष्टी लपवायच्या होत्या, त्यांचीच पुढे शैली झाली. १८२२ मध्ये व्हिएन्नात तिने पदार्पण केलं.

पायाच्या टोकावर उभं राहणं हा काही तिचा शोध नव्हता. तिच्याआधीही नर्तकी ते करत होत्या, पण ती बहुतेक कसरत वाटायची. मारीने त्यातला जोर दिसू दिला नाही. तेव्हाच्या सॅटिनच्या बुटांना आजच्यासारखं कडक टोक नसायचं. टोकाभोवती दोऱ्याचे टाके घालून जेवढा आधार मिळेल तेवढाच. बाकी सगळा भार बोटांवर आणि घोट्यांवर.

मग आला १२ मार्च १८३२ चा दिवस. पॅरिस ऑपेरात वडिलांनी खास तिच्यासाठी बसवलेला 'ला सिल्फीद' रंगला. एका स्कॉटिश तरुणाला ऐन लग्नाच्या वेळी वायुपरीची भुरळ पडते. तो तिला धरायला जातो, तिचे पंख गळतात आणि ती मरते.

युरोपात तेव्हा रोमँटिक चळवळीचा जोर होता. चांदणं, भुतंखेतं आणि हाती न लागणारं प्रेम यांचं लोकांना वेड होतं. रंगमंचावर नुकतेच गॅसचे दिवे आले होते. त्यांच्या मंद उजेडात पांढऱ्या झग्यातली मारी जमिनीला पाय न लावता तरंगतेय असं वाटायचं. ग्रीक देवदेवतांच्या कथा मागे पडल्या आणि बॅलेत पऱ्या-आत्म्यांचं राज्य सुरू झालं.

१८३७ पासून काही वर्षं तिने सेंट पीटर्सबर्ग गाजवलं. १८४५ मध्ये लंडनला ग्रीझी, चेरितो आणि ग्राहन या तीन नामवंत नर्तकींसोबत ती 'पा द कात्र'मध्ये नाचली. १८४७ मध्ये ती निवृत्त झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८५८ मध्ये सोळा वर्षांच्या एमा लिव्रीने पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद'मधूनच पदार्पण केलं. मारीला तिच्यात आपली वारस दिसली. तिने एमाला शिकवलं आणि १८६० मध्ये तिच्यासाठी 'ल पापियाँ' हा बॅले बसवला. त्याच्या कथेत फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने जळतात.

ज्या दिव्यांनी परीला चांदणं दिलं, तेच तिच्या झग्याचे वैरी होते. कापड पेटू नये म्हणून रसायनात बुडवायची पद्धत तेव्हा होती आणि तसा सरकारी आदेशही होता. पण त्याने कापड कडक आणि मळकट व्हायचं, तरंगण्याचा भास जायचा. एमाने तो झगा घालायला नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी तिच्या झग्याने दिव्यावर पेट घेतला. आठ महिन्यांनी, विशीतच ती गेली.

मारी पुढे लंडनमध्ये नाच शिकवून पोट भरू लागली आणि १८८४ मध्ये मार्सेलमध्ये वारली. एमाच्या त्या झग्याचे जळके तुकडे मात्र पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.