मुक्तिदिनानिमित्त : आपले बाबूजी

सुधीर फडके हे नाव मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? पण ज्या सिल्वासात आपण नोकरी-धंदा करून स्थिरावलो, ते पोर्तुगिजांकडून सोडवणाऱ्यांत बाबूजी होते, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते. म्हणून हा अल्प परिचय.

बाबूजींचा जन्म 25 जुलै 1919 रोजी कोल्हापूरचा. मूळ नाव रामचंद्र. गाण्याचे शिक्षण वामनराव पाध्ये यांच्याकडे झाले. तरुणपणी त्यांनी फार हलाखी सोसली. पोटासाठी गात गात उत्तर हिंदुस्थानापर्यंत भटकंती केली. पुढे 1946 साली पुण्याच्या प्रभात कंपनीत ते संगीतकार झाले. 1949 साली गायिका ललिता देऊळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

नाव, काम, संसार सगळे मार्गी लागलेले असताना, 1954 साली राजा वाकणकर, नाना काजरेकर यांच्याबरोबर ते दादरा-नगर हवेलीच्या मोहिमेत पडले. मोहिमेला पैसा लागतो. त्यासाठी पुण्यात हिराबागेत लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला. आयुष्यभर बँकेत भांडवलाचे हिशेब पाहिले, पण गाण्यातून उभे राहिलेले असे भांडवल दुसरे पाहिले नाही. बाबूजी नुसता निधी जमवून थांबले नाहीत, स्वतः मोहिमेत उतरले. 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले.

त्यानंतर आठच महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. वर्षभरात 56 गीते झाली.

उतारवयातही त्यांनी लोकवर्गणीतून सावरकरांवर चित्रपट काढला. तो 2001 साली आला. 29 जुलै 2002 रोजी, मुक्तिदिनाला चार दिवस उरले असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता माझ्या तीन शिफारशी. गीतरामायण निवडक नको, पहिल्या गीतापासून क्रमाने ऐका. रोज एक ऐकले तरी दोन महिन्यांत पूर्ण होते. राजा परांजपे यांचा 'जगाच्या पाठीवर' (1960) हा चित्रपट घरच्यांसोबत पाहा. आणि 'भाभी की चूड़ियाँ' (1961) मधले लताबाईंचे पहाटेचे गाणे सकाळच्या चहाआधी लावा. हे सारे यूट्यूबवर शोधल्यास सापडते.

यंदा 2 ऑगस्टला झेंडावंदन करून घरी आलात की नातवंडांना बाबूजींचे एक तरी गीत ऐकवा, आणि हा गाणारा माणूस आपल्या गावी कशासाठी आला होता, तेही सांगा.