दादोबा पांडुरंग आणि सुरतेची मानवधर्म सभा

कतारगामच्या गल्ल्यांतून सकाळी दप्तर घेऊन निघणाऱ्या आमच्या बहुतेक मुलांचे वडील किंवा आजोबा पोटापाण्यासाठी महाराष्ट्रातून सुरतेस आलेले आहेत. या शहरास मराठी माणसाने काय दिले, असे कोणी विचारल्यास आम्ही प्रथम दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव घेऊ. मराठीचे व्याकरणकार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु धर्मांतराच्या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर कसे अस्वस्थ ठेवले, ही हकीकत क्वचितच सांगितली जाते. तिचा महत्त्वाचा भाग याच शहरात घडला.

दादोबांचा जन्म मुंबईस १८१४ साली झाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन १८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे शिक्षकाच्या नोकरीने ते सुरतेस आले.

तो काळ मोठ्या खळबळीचा होता. १८३९ साली मुंबईस जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले; पण मिशनरींच्या घरी अन्न घेतलेल्या मुलास सनातनी मंडळी जातीत घेईनात. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले व त्यांना त्याबद्दल पुष्कळ सोसावे लागले. एका लहान मुलाने कोणाच्या पंक्तीस बसावे यावरून सारे शहर भांडत होते, हे आज वाचताना मन विषण्ण होते.

सुरतेतही मिशनचे काम जोरात होते, त्यांचा छापखानाही होता. येथील एका पारशी विद्यार्थ्यानेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि गावात एकच गिल्ला झाला. मिशनरींच्या दृष्टीने धर्मांतर म्हणजे आत्म्याचा नवा जन्म. घरच्यांच्या दृष्टीने तो जिवंतपणीच झालेला मृत्यू : जात गेली, पंक्ती तुटली, श्राद्ध करणारा हात गेला. दादोबांना दोन्ही बाजूंचे म्हणणे अपुरे वाटले. आपली हुशार मुले परक्या धर्माकडे का वळतात, याचे उत्तर मिशनरींना शिव्या देऊन मिळणार नाही, ते आपल्याच घरात शोधले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली.

२२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाच्या सोबतीने त्यांनी सुरतेस मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यजात एक, आणि खरा धर्म नीती व प्रेम यांत आहे, अशी त्यांची शिकवण होती. सभेच्या बैठका उघडपणे भरत. मंत्रतंत्राने चमत्कार करून दाखवतो म्हणणाऱ्यांना तेथे जाहीर आव्हान दिले जाई. जातिभेदावर मात्र शब्दांपलीकडचा घाव सभेने घातला नाही. १८४६ साली दादोबा मुंबईस परतले, काही वर्षांनी दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा विझली.

मुंबईस १८४९ च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली. तिच्यामागे दादोबांचेच विचार होते. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पण हे सारे गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, आपली नावे फुटतील या भयाने सभासद पांगले. याच सभेतील बाबा पदमनजी यांनी १८५४ साली उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांचा रोष पत्करला. दार लावून पाव खाणाऱ्यांपेक्षा त्यांचे धैर्य मोठे, असे आम्हांस वाटते. मात्र धर्म न बदलता सुधारणा करावी हा दादोबांचा विचार गुप्ततेमुळे खोटा ठरत नाही. १८६७ साली त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी मुंबईस प्रार्थना समाज स्थापन केला, तेव्हा तोच विचार उघड्यावर आला.

हा वाद केवळ सुशिक्षितांच्या घरांपुरता नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ते नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. तेथे आलेल्या मांग कुटुंबांना गमवायला पंक्तीतला पाट नव्हताच. त्यांना विहिरीचे पाणी आणि मुलांना अक्षरे हवी होती. दादोबांच्या सभेत या माणसांना जागा कोठे होती, असा प्रश्न आमच्या मनात राहतो.

दादोबा पुढे डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. निवृत्तीनंतर त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर यशोदापांडुरंगी ही टीका लिहिली. उतारवयात स्वीडनबॉर्ग या स्वीडिश ख्रिस्ती तत्त्वचिंतकाचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले, आणि हा वृद्ध गृहस्थ त्यांत रंगून गेला. त्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ते १८७८ साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती विचारांचे इतक्या मोकळेपणाने स्वागत करणाऱ्या त्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी स्वतःला हिंदू गृहस्थ म्हणवले आहे. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. १८८२ साली ते निवर्तले.